अनुभव धागा: मंडळ, मैदान, मैफल आणि प्रायोजकाचा चेक

कोथरूडकरीण

आमच्या मंडळाची यंदाची पहिली बैठक मूर्तीवरून नाही की देखाव्यावरून नाही, एका पत्रावरून गाजली. परिसरात टॉवर बांधणाऱ्या एका विकसकाने कळवलंय की मांडव, रोषणाई आणि मिरवणुकीचा रथ हा सगळा खर्च ते करतील. बदल्यात रनिंग मांडवाची, म्हणजे रस्त्याकडेला जाहिरातींसाठी उभारतात त्या सलग चौकटीची, पूर्ण लांबी, स्टेजची मागची भिंत आणि रोजच्या आरतीला त्यांचा एक 'मान्यवर'. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, सरळ नाही सांगा. पोरं म्हणतात, पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायला तुम्ही येणार का? दोघांचंही खरं आहे. हल्ली फ्लॅटचं दार उघडत नाही, आणि उघडलंच तर 'सोसायटीच्या गणपतीला दिले' एवढं ऐकून परत फिरायचं.

'पूर्वी सगळं कसं पवित्र होतं' हा सूर इथे नको. उत्सवाला कोणाचा तरी पैसा पहिल्यापासून लागत आलाय. पुण्याचा सगळ्यात प्रसिद्ध गणपती तर एका हलवाई शेठजींच्या नावानेच ओळखला जातो. मला ऐकायचंय ते हे: पैसे कोणी दिले, बदल्यात काय मागितलं, आणि पुढच्या वर्षी काय झालं. गणपतीच हवा असं नाही. यात्रा, नाटक, कबड्डी, गाणं काहीही चालेल. कंपन्यांची नावं घेऊ नका, उगाच भांडणं होतात.

माजी खजिनदार, परळ

मी गिरणगावातला. आमच्या चाळीत वर्गणी पगाराच्या संध्याकाळी जिन्यात उभं राहून गोळा व्हायची आणि कोणी किती दिले ते फळ्यावर खडूने लिहिलं जायचं. वसुलीला दुसरं काही करावं लागत नसे. १९८२ च्या संपाच्या वर्षी फळ्यावरचे आकडे खाली आले, पण नावं बहुतेक सगळी होती. पुढे गिरण्या गेल्या, माणसं डोंबिवली-विरारला गेली, चाळींच्या जागी टॉवर आले आणि मंडळाचं अर्थकारण फळ्यावरून कमानीवर गेलं.

मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो. स्टेशनपासून मांडवापर्यंतच्या रस्त्यावर आडव्या चौकटी उभ्या राहतात, दोन्ही बाजूंनी फ्लेक्स, ती कमान. स्टेशनला लागून असलेली पहिली सगळ्यात महाग, कारण गर्दी तिथे तुंबते आणि तुंबलेला माणूस वर बघतो. मांडवाच्या तोंडाशी असलेली दुसऱ्या नंबरची, कारण टीव्हीवाले तिथून दाखवतात. मधल्या कमानी पतपेढी, क्लासवाले, सोनार यांच्या. गल्लीच्या टोकाची एक कायम आमच्या वाण्याला, जवळजवळ फुकट. तो वर्षभर मंडळाला नारळ उधार देतो.

मोठ्या कंपन्या थेट येत नाहीत. मधे एजन्सी असते. ती एका दमात विभागातली सगळी मोठी मंडळं बांधून घेते आणि रोज किती भाविक येतात त्याचा आकडा मागते. तो आकडा प्रत्येक मंडळ छातीठोकपणे सांगतं, आणि एजन्सी तितक्याच छातीठोकपणे त्याचा निम्मा धरते. अर्धे पैसे आधी, अर्धे विसर्जनानंतर कमानीचे फोटो दिल्यावर. तो दुसरा हप्ता टीडीएस कापून दिवाळी उलटल्यावर येतो. मांडववाला मात्र अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात उभा.

एका वर्षी इलायचीची कमान आली. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी, तंबाखूच्या जाहिरातीला त्याआधीच २००३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी. मग गुटख्याच्याच नावाची, त्याच रंगाची इलायची. पैसे दुप्पट. कार्यकारिणीत उभी फूट पडली, शेवटी दुप्पट जिंकलं. दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसातून माणूस आला, म्हणाला काढा, नाहीतर झाका. काढायला क्रेन लागणार होती म्हणून झाकली. विसर्जनापर्यंत स्टेशनसमोर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली कमान उभी. लोक विचारायचे, कोणी गेलं का? दुसरा हप्ता अर्थातच आला नाही.

कोथरूडकरीण ताई, विकसकाचा चेक घ्या किंवा नका घेऊ, पण तो मंडळाच्या खात्यातच येऊ द्या, अध्यक्षांच्या नको. मंडळ नोंदणीकृत नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी आधी घ्या. त्याशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही. आणि हिशेब मांडवात लावा, कागद मोठा, अक्षर मोठं.

अंधेरीचा अण्णा

पहिल्या कमानीवर फोटो कोणाचा, हा खरा प्रश्न. आमच्याकडे कंपनीने पैसे दिले आणि तिच्या लोगोच्या चौपट मोठा फोटो स्थानिक नेत्याचा. कंपनीच्या मॅनेजरने विचारलं, "हे आमच्या पैशात आहेत का?" अध्यक्ष म्हणाले, "नाही साहेब, तुम्ही त्यांच्या परवानगीत आहात."

एमआयडीसीवाला, चाकण

मी टेबलाच्या पलीकडे बसतो. कंपनीत माझं काम प्रशासन, म्हणजे कँटीन, बस, बाग आणि देणग्या. उन्हाळ्यात यात्रांची पत्रं, श्रावणात सप्ताहाची, मग गणपती, मग नवरात्र. प्रत्येक पत्राची सुरुवात 'सालाबादप्रमाणे'. आमचा प्लँट सुरू होऊन सहा महिने झाले होते तेव्हाही सालाबादप्रमाणेच.

लोकांना वाटतं कंपनीकडे सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवायच्या पैशाचा, हौद भरलाय आणि आम्ही तोटी आवळून बसलोय. खरं असं आहे की २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे. ते कुठे करायचे हेही कायद्याच्या सातव्या परिशिष्टात लिहिलंय. शिक्षण, आरोग्य, पाणी, ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण, पारंपरिक कला, वारसावास्तू. यात्रा त्यात नाही. एकदाच होणारे कार्यक्रम, मॅरेथॉन, बक्षीस समारंभ वगैरे धरू नका असं सरकारने २०१४ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं. २०२१ च्या दुरुस्तीने तर मालाची जाहिरात साधणारं प्रायोजकत्व सरळ बाहेरच काढलं. म्हणजे तुमच्या कमानीवर आमचा लोगो लागला की तो पैसा जाहिरातीच्या बजेटातला. सीएसआरची फाइल आणि कमान यांची भेटच होत नाही. मंडळांची अर्धी पत्रं इथेच चुकीच्या टेबलावर जाऊन पडतात.

तमाशाला देता येत नाही, आखाड्याच्या इनामाला देता येत नाही. बैलगाडा शर्यतीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वैध ठरवला, तरी मुख्यालयातल्या मॅडमना प्राणी म्हटलं की घाम फुटतो. पण यात्रेत पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, डॉक्टरांचं पथक हे स्वच्छता आणि आरोग्य यांत बसतं. ते मी दरवर्षी आनंदाने करतो. कमिट्या मात्र नाखूश, कारण शौचालयावर 'सौजन्य' लिहिलेलं कोणालाच नको असतं.

आता जे कागदावर येत नाही ते. एका गावच्या कमिटीला नकार कळवला. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टच्या बसपुढे पोरं उभी राहिली. घोषणा नाहीत, शिवी नाही, नुसती उभी. प्लँट हेडने खिडकीतून पाहिलं आणि अर्ध्या तासात चेक निघाला. त्याला देणगी म्हणायचं की आणखी काही ते तुम्ही ठरवा, मी व्हाउचरवर 'स्थानिक सांस्कृतिक सहकार्य' असं लिहिलं.

त्याच गावचे एक जुने सरपंच पुढच्या वर्षी एकटेच आले. म्हणाले, "यात्रेला काही देऊ नका. शाळेमागचं मैदान सपाट करून द्या, पोरं कबड्डी खेळतील." ग्रामीण खेळांत चपखल बसलं. रोलर लावला, मुरूम टाकला, कडेने पाण्याला चर काढून दिली. आता यात्रेतल्या निकाली कुस्त्या त्याच मैदानावर होतात. यात्रेला आम्ही एक पैसाही दिलेला नाही.

चढाईपटू, ठाणे

सरपंचांना माझा नमस्कार सांगा. मैदान देणारे फार कमी.

आमच्या क्लबचा सराव मातीवर. एका मित्रमंडळाने स्पर्धा भरवली, मोठा प्रायोजक मिळाला, म्हणून सामने मॅटवर. शुक्रवारी ट्रकमधून निळ्या-पिवळ्या मॅटचे चौकोन आले, रात्रभर जोडले. मॅटवर बूट लागतात, आमच्या निम्म्या मुलींकडे नव्हते. अनवाणी उतरल्या. मातीवर पाय रुततो, मॅटवर भाजतो आणि वळताना चिकटतो. आमच्या उजव्या कोपरारक्षकाचा घोटा पहिल्याच चढाईत गेला. मुलींचे सामने दुपारी, उन्हात, रिकाम्या खुर्च्यांसमोर. मुलांची फायनल रात्री दिव्यांच्या झगमगाटात. बक्षीस समारंभ उरकला तशी मॅट गुंडाळून त्याच ट्रकमधून परत. आम्हाला वाटलं होतं ती राहील. कोणी तसं सांगितलं नव्हतं, आम्हालाच वाटलं.

मुलांसाठी २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि गावोगावच्या पोरांची आयुष्यं बदलली, त्याबद्दल असूया नाही. मुलींसाठी २०१६ मध्ये तीन संघांची चॅलेंज स्पर्धा झाली, ती तेवढ्या एका वर्षापुरतीच. आमच्या मागच्या पिढीला खेळाने जगवलं ते लीगने नाही, नोकरीने. बँका, रेल्वे, पोलीस, पोर्ट ट्रस्ट यांचे संघ स्पर्धांच्या व्यावसायिक गटात उतरायचे, खेळाडू त्यांच्या पगारावर असायचा, सरावाला अर्धा दिवस सुटी मिळायची. जर्सीवर तेव्हाही कंपनीचंच नाव असायचं, पण पाय मोडला तरी पहिल्या तारखेला पगार यायचा. आताच्या प्रायोजकाला स्पर्धेचे तीन दिवस हवे असतात, उरलेलं वर्ष नको असतं.

बूट शेवटी स्टेशनजवळच्या दुकानदाराने हप्त्यावर दिले. बॅनर मागितला नाही. हप्ता मात्र एकही सोडला नाही.

तालमीतला, कोल्हापूर

ताई, नोकरीचं बोललात ते शंभर टक्के. आमच्याकडं प्रायोजक म्हणजे साखर कारखाना. आमचे कारखाने दरसाल मानधनासाठी कुस्त्या घेतात, वजनगटाप्रमाणं. जिंकला त्याला वर्षभर दरमहा मानधन. पैलवानाचा खुराक घरच्या शेतीवर भागत न्हाई. दूध, तूप, बदाम, मटण, त्यात दुखापत झाली तर दवाखाना. ज्याला मानधन लागलं त्याची आई निर्धास्त. कारखान्याची निवडणूक आली की आमची पोरं कुणाच्या स्टेजमागं उभी राहायची हे सांगावं लागत न्हाई, ते मानधनातच आलं. खोटं कशाला बोलू.

आणि मदत न्हाई मिळाली तर काय हुतं तेबी कोल्हापूरला ठाऊक हाय. १९५२ ला खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणीवर, आणि राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकून सात हजार दिले त्यावर. कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या जर्सीवर कुणाची जाहिरात नव्हती.

फुटबॉलचं वेगळंच. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने म्हंजे पेठापेठांची इज्जत. आधी जर्सी तालमीच्या रंगाची, नाव तालमीचं, पैसा पेठेतल्या दुकानांचा. मग छातीवर प्रायोजक आला, तालीम पाठीवर गेली. परदेशी खेळाडू आले, खेळ भारी झाला हे मान्य. पण बेंचवर बसलेलं पोरगं पेठेतलं आणि मैदानात पळणारा बाहेरचा, असं झालं की गॅलरीतनं आजोबा वरडतात, "आपला कोण हाय रे ह्यात?"

डिचोलीकार, गोवा

कारखान्याच्या जागी खाण घाला, आमची गोष्ट तीच.

आमच्या वाड्यावरच्या देवळाच्या उत्सवात मराठी नाटक व्हायलाच हवं. कीर्तन, पालखी आणि मग रात्री नाटक. ते नसेल तर उत्सव झाला असं वाटत नाही. खाणी चालू होत्या तेव्हा समितीला पैसे मागायला जावंच लागत नसे. कंपनीचा माणूस आपणहून विचारायला यायचा, यंदा नाटक कुठलं? नेपथ्य भाड्याने फोंड्याहून, दिग्दर्शक बाहेरचा, स्त्रीभूमिका करायला नाईट ठरवून बाहेरच्या अभिनेत्री. नट मात्र सगळे गावचे, आणि त्यातले बहुतेक ट्रकवाले. स्मरणिकेच्या मलपृष्ठावर पात्रांवाचा, म्हणजे खाणमालकाचा, फोटो, पहिल्या रांगेत त्याची खुर्ची. तो कधी पूर्ण नाटक बघायचा नाही, दुसऱ्या अंकात उठून जायचा, आणि त्याच्यासाठी दुसरा अंक मुद्दाम उशिरा सुरू करायचे.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, आधी सरकारच्या आदेशाने, मग सर्वोच्च न्यायालयाच्या. ट्रक दारात ताडपत्रीखाली. त्या वर्षी समितीकडे शिल्लक होती ती देवाच्या नैवेद्यापुरती. बाहेरच्या अभिनेत्री परवडणार नव्हत्या. तालमीच्या तिसऱ्या रात्री आमच्या शाळेच्या बाईंनी विचारलं, आमच्या मुली काय वाईट आहेत? त्या वर्षी वाड्यावरच्या मुली पहिल्यांदा देवळाच्या मंचावर नाटकात उभ्या राहिल्या. दोनचार म्हातारे कुरकुरले. पैसा असता तर हा प्रश्न कोणी विचारलाच नसता, आणि म्हातारेही कुरकुरले नसते.

खाणी २०१५ मध्ये थोड्या सुरू झाल्या, तसा कंपनीचा माणूस परत आला. समितीने माइक-स्पीकरचे पैसे तेवढे घेतले. बाकी नाटक आमचं आम्ही बसवतो म्हटलं. मार्च २०१८ मध्ये पुन्हा सगळं बंद पडलं तेव्हा स्पीकर भाड्याने आणले, बाकी काही अडलं नाही.

फुटबॉलबद्दल एक दुरुस्ती करतो, कारण बाहेरचे लोक हमखास गल्लत करतात. गोव्यातले मोठे क्लब खाणउद्योगातल्या घराण्यांचे; साळगावकर, धेंपो ही नावं तुम्हाला ठाऊक असतील. २०१६ मध्ये हे क्लब आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य फुटबॉल लीगमधून, बाहेर पडले ते खाणी बंद होत्या म्हणून, असं सगळे सांगतात. त्यांनी दिलेलं कारण वेगळं होतं: फेडरेशनचा नवा आराखडा, ज्यात फ्रँचायझींची लीग वर आणि जुने क्लब खाली. कंपनीने ज्या खेळाला पोसलं त्याच्यावर दुसऱ्या मोठ्या कंपनीची लीग येऊन बसली, असं मी म्हणतो. साखळीच्या सेसा अकादमीत मात्र १९९९ पासून मुलं घडली आणि पुढे मोठ्या क्लबांत खेळली, तेही सांगायला हवं.

तानपुरा

आम्ही तालुक्याच्या गावात दरवर्षी एक रात्र शास्त्रीय गाणं करतो. 'रात्र' म्हणायची पद्धत, प्रत्यक्षात दहाला बंद. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. बारापर्यंतची सवलत वर्षातून मोजक्या दिवसांना, आणि ते दिवस आमच्या वाट्याला येत नाहीत.

एका वर्षी प्रायोजक मिळाला. अट एकच: दोन शब्द बोलू. कार्यक्रम साडेसहाला. दीपप्रज्वलन, मान्यवरांचा परिचय, सत्कार, शाल, श्रीफळ, मग संचालकांचे दोन शब्द, त्यात कंपनीची वाटचाल आणि नव्या शाखेचा पत्ता. पहिल्या तरुण गायिकेला वेळ उरला पंचवीस मिनिटं. तिने विलंबित ख्यालाला हातच घातला नाही, शहाणी. मुख्य गायक नऊला बसले. जोगकंस सुरू झाला, लोक नुकते कुठे खुर्चीत विसावले आणि पावणेदहाला हवालदार मंचाच्या कडेला येऊन घड्याळ दाखवायला लागले. बुवांनी भैरवी चार मिनिटांत आवरली. संचालक तोवर जेवायला गेले होते.

मग मी मिरजेचं उदाहरण काढलं. मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, सभा अजून चालू आहे, आणि तिथे कलाकार मानधन घेत नाहीत, हजेरी लावतात. आमच्या समितीतल्या एकाने विचारलं, आपल्याकडे कोणता दर्गा आहे? बरोबर होतं त्याचं. जिथे कलाकाराची श्रद्धा नाही तिथे त्याला फुकट गायला सांगणं म्हणजे प्रायोजकत्व गायकाकडून उकळणं.

आता आम्ही प्रायोजक घेतो, पण पत्रातच लिहितो की भाषण नाही. निवेदक नाव एकदा घेईल, सत्कार मध्यंतरात चहाच्या वेळी. बऱ्याच जणांनी नकार दिला. एका दंतवैद्याने आणि एका बियाणं-खतवाल्याने होकार दिला. दोघेही शेवटपर्यंत बसतात. खतवाल्याला तर आताशा ताल चुकलेला कळतो.

न्यू जर्सीची काकू

इकडे आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला घरं विकणारे, कर्ज देणारे, विमावाले, किराणा दुकानं आणि पुण्यातले बिल्डर हे पाच प्रायोजक ठरलेले. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात तर पुण्यातल्या फ्लॅटचे स्टॉल वडापावच्या रांगेपेक्षा लांब.

इथे एक गंमत आहे. ना-नफा संस्थेला प्रायोजकाचे नुसते आभार मानता येतात, नाव-लोगो दाखवता येतो. पण 'इथेच घर घ्या, इतका दर' असं छापलं की ती जाहिरात, आणि त्या पैशावर कर लागू शकतो. त्यामुळे आमची सचिव प्रत्येक पत्रकातून 'त्वरा करा' खोडत बसते. बिल्डर हिरमुसतात.

दुसरा मार्ग मॅचिंगचा. मी मंडळाला शंभर डॉलर दिले की माझी कंपनी तेवढेच देते. कित्येक कंपन्या स्वयंसेवेच्या तासांचेही पैसे संस्थेला देतात. पण बऱ्याच ठिकाणी धार्मिक कामाला मॅचिंग नाही. म्हणून अर्जात 'मुलांची मराठी शाळा आणि सांस्कृतिक कार्यक्रम' असं लिहायचं. शाळा खरीच आहे, दर रविवारी भरते. मोदक शाळेतलीच मुलं वळतात, त्यामुळे मला तरी यात खोटं काही दिसत नाही. माझ्या नवऱ्याचं मत वेगळं आहे, पण तो मोदक खायला येतो.

वारीतली सून

सासूबाईंबरोबर आळंदीपासून चालते. कंपन्यांचे रेनकोट वाटतात, पाठीवर हे मोठं नाव. दिवे घाट चढताना वरून बघाल तर वारकऱ्यांपेक्षा लोगो जास्त. पातळ प्लास्टिक असतं, सासवडपर्यंत फाटतं, मग मुक्कामाच्या रानात पडून राहतं. शेतकरी आमच्या नावाने बोटं मोडतो. फिरती शौचालयं आली त्यावर मात्र एक शब्द वाकडा बोलणार नाही. आधी बायका पहाटे तीनला उठून आडोसा शोधायच्या. चाकणच्या दादांना म्हणावं, तुमच्या शौचालयावर 'सौजन्य' मोठ्या अक्षरात लिहा, आम्ही वाचू.

कोथरूडकरीण

सगळे अनुभव काल बैठकीत वाचून दाखवले. पांढऱ्या कमानीला सर्वांत जास्त टाळ्या. विकसकाला उलट पत्र गेलंय: रनिंग मांडवाची एक बाजू देऊ, स्टेजची भिंत नाही, आरतीला मान्यवर नाही, रक्कम निम्मी चालेल. उरलेल्यासाठी पोरांनी पावतीपुस्तकाबरोबर क्यूआर कोड छापायचं ठरवलंय. दार नाही उघडलं तर सोसायटीच्या ग्रुपवर. विकसकाचं उत्तर अजून नाही.

एमआयडीसीवाले दादा, एक विचारायचं राहिलं. वस्तीतल्या मुलींसाठी आम्ही वर्षभर मल्लखांब शिकवतो, मंडळाच्याच नावाने. त्याला तुमच्यासारख्या कंपनीकडे मागता येईल का?

एमआयडीसीवाला, चाकण

येईल, पण गणपतीच्या पत्रात घालू नका, वेगळं पत्र द्या. वर्षभराचं प्रशिक्षण आहे, म्हणजे खेळाच्या कलमात बसवून बघता येईल. मंडळ न्यास म्हणून नोंदलेलं हवं, आयकर खात्याची १२अ आणि ८०जी नोंदणी हवी, आणि २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून नंबर घ्यावा लागतो, तो सीए भरून देतात. पत्रात किती मुली, कोण शिकवतं, खांब आणि गादीचा दर, एवढंच लिहा. इतिहास नको, 'सालाबादप्रमाणे' तर नकोच. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठवा, पुढच्या वर्षाचं बजेट तेव्हा ठरतं. ऑगस्टमध्ये पाठवलंत तर ते माझ्या टेबलावर गणपतीच्या ढिगातच जाईल.